म्हापसा-मडगावचं कॉल सेंटर घरोघरी न्यायचं तर आधी काय मोजावं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हॉटेल, टॅक्सी आणि बोटीच्या बुकिंगचे फोन घेणारी तुमची दोन ऑफिसं आहेत. म्हापशाला 7 जण बसतात, मडगावला 7. म्हापशाच्या जागेचा भाडेकरार ऑक्टोबरअखेर संपतोय. ती जागा सोडून सगळ्यांना पेडणे, डिचोली, वाळपई, फोंडा, काणकोण अशा आपापल्या गावातून काम द्यायचं तुमच्या मनात आहे. तीन कंपन्यांनी क्लाऊड सॉफ्टवेअरचे दर पाठवलेत. त्यातलं कोणतं घ्यावं आणि पावसाळ्यात हे सगळं टिकेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी हे काम 17 वर्षं करतोय. सुरुवात पणजीतल्या एका ऑफिसात, वातानुकूलित खोलीतल्या टेलिफोनच्या खोक्याजवळ झाली. 2020 नंतर मात्र जवळजवळ सगळं काम गावागावांत विखुरलेल्या माणसांना एका रांगेत जोडण्याचं आहे. तेव्हा तुमचा पावसाळ्याचा प्रश्न आधी घेतो, कारण कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हे त्याच्या उत्तरावरूनच ठरतं.

दोन-तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे: तुमच्या सर्वांत गर्दीच्या तासाला किती फोन येतात, तुम्ही स्वतःहून बाहेर किती फोन करता, आणि परदेशातून थेट फोन येतात का. मी असं धरून चालतो की बहुतेक फोन आत येणारे आहेत आणि ते भारतातूनच येतात. तसं नसेल तर कायद्याचा भाग वाचताना जास्त लक्ष द्या.

क्लाऊड म्हणजे काय होतं ते आधी बघू. ग्राहक तुमचा 0832 चा नंबर लावतो. तो फोन टेलिफोन कंपनीकडून सॉफ्टवेअरवाल्याच्या सर्व्हरवर जातो, तिथे रांगेत उभा राहतो, आणि सर्व्हर मोकळ्या एजंटला शोधून फोन त्याच्याकडे पाठवतो. एजंट म्हापशात आहे की म्हादईच्या काठी, सर्व्हरला फरक पडत नाही. ग्राहकालाही नाही, कारण पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्ख्या गोव्याचा कोड एकच. इथपर्यंतचं काम तिन्ही कंपन्या चांगलं करतील. अडतं ते शेवटच्या टप्प्यात, सर्व्हरपासून एजंटच्या कानापर्यंत.

या टप्प्याबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो: वेगवान प्लॅन घेतला की झालं. हिशेब करून बघा. फोनच्या दर्जाचा आवाज नेणारी जुनी, सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे जी.711. ती दर सेकंदाला आवाजाचे 50 तुकडे करून पाठवते. प्रत्येक तुकडा पत्त्यासकट 200 बाइटचा. म्हणजे एका दिशेला 80 किलोबिट, आणि वरखर्च धरला तरी 100 च्या आत. 100 मेगाबिटच्या प्लॅनचा हजारावा भाग. ब्राउझरवर चालणारी सॉफ्टवेअरं बहुधा ओपस नावाची नवी पद्धत वापरतात, तिला याहूनही कमी लागतं. त्यामुळे एजंटनं स्पीड टेस्टचा मोठा आकडा दाखवला तरी मी त्यावर निर्णय घेत नाही.

मी बघतो ते हे, की 50 तुकडे ठरल्या वेळेला, सारख्या अंतराने पोचतात का. तोंडातून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानी 150 मिलिसेकंदांच्या आत गेला तर बोलणं सहज वाटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 या शिफारशीत हाच आकडा आहे. त्याच्या फार पुढे गेलात की दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात, "हॅलो, हॅलो" सुरू होतं. तुकडे मागेपुढे येण्याचं प्रमाण 30 मिलिसेकंदांच्या आत हवं आणि हरवणारे तुकडे शंभरात एकाहून कमी. शंभरात एक म्हणजे दर दोन सेकंदांना आवाजाला एक बारीक खाच. एक खाच सॉफ्टवेअर भरून काढतं, पाठोपाठ पाच-सहा तुकडे गेले तर ग्राहकाला "पंधरा" की "पन्नास" हे कळत नाही. बुकिंगच्या धंद्यात तेवढ्यावरून भांडण होतं.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: आवाज ज्या सर्व्हरवरून जातो तो कुठे आहे? वेबसाइटचा सर्व्हर नव्हे, आवाजाचा. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. मुंबईत सर्व्हर असेल तर गोव्यातून तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. तो सिंगापूरला असेल तर मुंबईपासूनचं सरळ अंतरच सुमारे 3,900 किलोमीटर आहे, आणि समुद्राखालची तार सरळ जात नाही. मुंबईचा ग्राहक वाळपईच्या मुलीशी बोलतोय आणि प्रत्येक शब्द सिंगापूरला जाऊन येतोय. निव्वळ तारेत 40 मिलिसेकंद गेले. त्यात तुकडे पाडण्याचे 20, मागेपुढे आलेले तुकडे रांगेला लावण्याचे 40 ते 60, आणि घरच्या वायफायचा वेळ मिळवला की 150 ची मर्यादा संपतच येते. भारतातच आवाज फिरवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडून हे लेखी घ्या.

आता घराकडे वळू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. एजंटच्या घरची लाइन खराब असेल तर कितीही महाग सॉफ्टवेअर तिथे चांगला आवाज आणू शकत नाही. आमच्या पहिल्या पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीचे फोन रोज दुपारी चार वाजल्यानंतर तुटायचे. आम्ही आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीशी भांडलो. शेवटी मी तिच्या घरी जाऊन बसलो. चार वाजता धाकटा भाऊ शाळेतून यायचा, फोनवर व्हिडिओ लावायचा, आणि त्याच वायफायवरून तिचा आवाज मागे ढकलला जायचा. राउटरपासून तिच्या टेबलापर्यंत साध्या तारेची जोडणी केली, राउटरमध्ये तिच्या कॉम्प्युटरला प्राधान्य दिलं, आणि त्रास थांबला. त्या तारेचा खर्च तीनशे रुपयांहून कमी होता. तेव्हापासून माझ्याकडे नियमच आहे, एजंटच्या कामाला वायफाय नाही.

दुसऱ्या एका घरी ग्राहकाला एजंट ऐकू यायचा, एजंटला ग्राहक नाही. असं एकतर्फी बोलणं दिसलं की राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सोय सुरू आहे का ते बघा आणि ती बंद करा. मदत म्हणून ठेवलेली ही सोय पुष्कळदा फोनचे पत्ते बिघडवते. सॉफ्टवेअर ब्राउझरमधून, वेबआरटीसी या ब्राउझरमधल्याच बोलण्याच्या सोयीवर चालत असेल तर हा त्रास सहसा येत नाही. वेगळा सॉफ्टफोन, म्हणजे कॉम्प्युटरवर फोनचं वेगळं ॲप, टाकायला लावत असतील तर येतो.

आवाजाची आणखी एक गोष्ट. जुलैत पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला की खोलीत शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे ग्राहकाला काय येणार? प्रत्येकाला तारेचा, तोंडाजवळ माइक येणारा, आसपासचा आवाज गाळणारा यूएसबी हेडसेट तुम्ही स्वतः घेऊन द्या. ब्लूटूथचे नकोत, शिफ्टच्या मध्येच चार्ज संपतो. जमेल तिथे एजंटनं कौलारू किंवा स्लॅबखालच्या आतल्या खोलीत बसावं. बसायची जागा आधी बघून घेतली तर नंतरच्या तक्रारी कमी होतात.

आता वीज आणि तार. गोव्यातला पावसाळा तुम्हाला मी सांगायला नको. झाड पडतं, वीज जाते, कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. राउटर आणि फायबरचा डबा बहुतेक 12 व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास सहज काढतो. लॅपटॉपची बॅटरी चांगली असली पाहिजे. पण मोबाइलच्या इंटरनेटवर फार विसंबू नका. वीज जाऊन बराच वेळ झाला की परिसरातल्या टॉवरची बॅटरीही उतरते, आणि तोवर गावातली सगळी माणसं त्याच टॉवरवर आलेली असतात. नेमकी गरज असते तेव्हाच तो मंदावतो.

फायबरचंही तसंच. एकदा रस्ता खोदताना तार तुटली आणि डिचोली भागातले आमचे पाचपैकी पाच एजंट एका क्षणात गेले. पाचही जणांनी वेगवेगळ्या वेळी, स्वस्त पडतं म्हणून एकाच केबलवाल्याची लाइन घेतली होती. दोष माझाच, मी विचारलंच नव्हतं. आता मी प्रत्येक एजंटच्या नावापुढे तीन गोष्टी लिहून ठेवतो: तालुका, वीज कुठल्या उपकेंद्रावरून येते, आणि इंटरनेट कोणाचं. एका शिफ्टमधल्या माणसांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जण या तिन्हींपैकी कशातही एकत्र येऊ देत नाही. तुमची माणसं पाच तालुक्यांत आहेत ही फार जमेची गोष्ट आहे. पेडण्यात वीज गेली म्हणून काणकोणातही जाईल असं नाही. एका इमारतीतलं ऑफिस मात्र गेलं की सगळं एकदम जातं.

इतकं करूनही दोन-तीन घरं अशी निघतील की तिथे आवाज नीट जाणारच नाही. त्या माणसांना काढू नका. बऱ्याच भारतीय कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एजंटला साध्या फोनवर कॉल देण्याची सोय असते. पडद्यावर ग्राहकाची माहिती इंटरनेटवरून येते, तिला अर्धा-एक सेकंद उशीर झाला तरी चालतो, आणि आवाज मात्र एजंटच्या मोबाइलवर साध्या कॉलसारखा येतो. खेड्यात जिथे डेटा रडतो तिथेही साधा कॉल पुष्कळदा स्वच्छ लागतो. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ग्राहकाला एजंटचा खासगी नंबर कधीही दिसता कामा नये, आणि एजंटला दिसणारा नंबरही कंपनीचाच हवा. घरून काम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत मी यावर कसलीही तडजोड करत नाही. दुसरी, यात ग्राहकाकडचा आणि एजंटकडचा असे दोन कॉल जोडले जातात आणि बिल बहुधा दोन्हींच्या मिनिटांचं येतं. दर विचारताना हे स्पष्ट करून घ्या.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट सांगतो. तिन्ही कंपन्यांपैकी कोणीही ती तुम्हाला आकड्यांत दाखवली नसेल. डेन्मार्कचे आग्नर क्रारूप एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. त्यांनी 1917 मध्ये टेलिफोनच्या गर्दीची जी सूत्रं मांडली त्यांवर आजही सगळी कॉल सेंटरं माणसं मोजतात. समजा तुमच्या प्रत्येक ऑफिसात गर्दीच्या तासाला 60 फोन येतात आणि नोंद करण्यासकट एका फोनला 4 मिनिटं लागतात. म्हणजे तासाला 240 मिनिटांचं, चार माणसांचं काम. पण चार माणसं बसवून चालत नाही, फोन शिस्तीत एकामागून एक येत नाहीत. सूत्र सांगतं की 6 माणसं असतील तर साधारण 76 टक्के फोन 20 सेकंदांत उचलले जातील, 7 असतील तर 89 टक्के. 80 टक्क्यांचं उद्दिष्ट धरलं, तर तुमची 7 आणि 7 ही नेमणूक बरोबरच आहे.

आता दोन्ही ऑफिसांची रांग एक करा. तासाला 120 फोन, तीच 4 मिनिटं. 80 टक्के गाठायला आता 11 माणसं पुरतात. 14 ऐवजी 11. काम तितकंच, माणसंही तीच. म्हापशात रांग लागलेली असताना मडगावात कोणीतरी रिकामं बसलेलं असतं, ती वेळ आता वाया जात नाही, एवढाच फरक.

हे उरलेले तीन जण कमी करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्याचा तुमचा विमा तेच आहेत. वाळपईत वीज गेली आणि दोन जण रांगेतून बाहेर पडले तरी रांग धक्का न लागता चालेल. कोणी जेवायला गेलं, कोणाचं मूल आजारी पडलं, कोणी लईराईच्या जत्रेला शिरगावला गेलं, तरी चालेल. विखुरल्यामुळे येणारी अनिश्चितता आणि रांग एक केल्यामुळे मिळणारी बचत या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच हा व्यवहार जमतो. मी अशी सेंटरं बंद पडताना पाहिली आहेत जिथे मालकांनी पहिल्याच महिन्यात बचत खिशात घातली आणि जूनमध्ये आधाराला माणूसच उरलं नाही.

हा हिशेब एका अटीवर उभा आहे, कोणताही एजंट कोणताही फोन घेऊ शकला पाहिजे. गोव्यात इथे भाषा येते. कोंकणी-मराठीची एक रांग, हिंदीची एक, इंग्रजीची एक अशा भिंती घातल्यात तर तुम्ही पुन्हा छोटी छोटी ऑफिसंच तयार करताय आणि 14 सुद्धा पुरणार नाहीत. त्याऐवजी सॉफ्टवेअरमध्ये असं बसवा की पहिले 15 सेकंद त्या भाषेत चांगलं बोलणाऱ्याला प्राधान्य, नंतर फोन सगळ्यांना खुला. आपल्याकडचे बहुतेक मुलगे-मुली तीन भाषांत बुकिंग करू शकतात, फक्त एखादीत ते जास्त रमतात. सूत्र असंही धरतं की कंटाळून कोणी फोन ठेवत नाही. ठेवतात. म्हणून आकडे दिशा दाखवतात असं समजा आणि तुमचे स्वतःचे नोंदवहीतले तास घालून पुन्हा मोजा.

विखुरलेल्या रांगेचा एक खास आजार आहे, त्याबद्दल विकणारे बोलत नाहीत. एजंटचं इंटरनेट गेलं, पण सर्व्हरच्या लेखी तो अजून 'उपलब्ध' आहे. सगळ्यात जास्त वेळ मोकळा तोच, म्हणून पुढचा फोन त्याच्याकडेच जातो. 20-25 सेकंद वाजतो, परत येतो, आणि रांगेचे नियम नीट लावलेले नसतील तर पुन्हा त्याच्याचकडे. एक मेलेली लाइन तासाभरात कितीतरी ग्राहक गिळते. म्हणून चाचणीच्या वेळी हे स्वतः करून बघा. एजंट लॉग-इन असताना त्याच्या राउटरची तार उपटा आणि घड्याळ लावा. सर्व्हरला तो गेल्याचं किती सेकंदांत कळलं? एक फोन न उचलल्यावर त्याला आपोआप 'अनुपलब्ध' केलं का? परत आलेला ग्राहक रांगेत पहिला उभा राहिला की शेवटी ढकलला गेला? चालू बोलण्यात तार उपटली तर ग्राहकाला काय ऐकू आलं? या चार उत्तरांवरूनच मी दोन सॉफ्टवेअरांतला फरक ठरवतो. बाकी रंगीत आलेख सगळ्यांकडे असतात.

कायद्याचं थोडक्यात. घरून काम करण्याला आता अडथळा नाही. दूरसंचार विभागाने 5 नोव्हेंबर 2020 ला कॉल सेंटरांसाठीचे नियम मोकळे केले, नोंदणी आणि बँक गॅरंटीची अट गेली. 23 जून 2021 ला देशी आणि परदेशी कामातला भेदही काढला आणि एजंटला साध्या ब्रॉडबँडवरून मध्यवर्ती एक्स्चेंजला जोडायला परवानगी दिली. कॉलच्या नोंदी मात्र वर्षभर जपा. आणि परदेशातून इंटरनेटवर आलेला आवाज आपल्याकडच्या एखाद्या खोक्यातून भारतीय फोनवर उतरवण्याच्या फंदात पडू नका. सिम घातलेला तसला डबा "स्वस्त पडेल" म्हणून कोणी दाखवला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गंभीर गुन्हा आहे.

बाहेर फोन करत असाल तर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, 2018 चे नियम लागू होतात. झालेल्या बुकिंगची खात्री करायला केलेला फोन वेगळा, आणि "मान्सून ऑफर आहे" सांगायला केलेला वेगळा. दुसऱ्यासाठी नोंदणी आणि 140 ने सुरू होणारा नंबर लागतो. एजंटनं साध्या मोबाइलवरून जाहिरातीचे फोन केले तर 13 ऑगस्ट 2024 च्या ट्रायच्या आदेशानुसार तुमच्या सगळ्या लाइन तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येतं. एका उत्साही मुलाच्या चुकीनं 0832 चा जुना नंबर हातचा जाऊ नये. कार्डचा नंबर फोनवर घेणं पूर्ण बंद करा, विशेषतः घरातून. कार्डमागचा तीन आकडी कोड रेकॉर्डिंगमध्ये साठणं हे कार्ड-सुरक्षेच्या नियमांत बसतच नाही. पैशांसाठी ग्राहकाला यूपीआयची किंवा पेमेंटची लिंक पाठवा.

आणि तो 0832 चा नंबर. हॉटेलांच्या फलकांवर, टॅक्सीच्या मागे तो छापलेला असेल. मोबाइलसारखा लँडलाइन नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून तो आहे तिथेच जिवंत ठेवा आणि क्लाऊडच्या नंबरवर वळवून घ्या. एका वेळी किती कॉल वळतील याची मर्यादा तुमच्या टेलिफोन कंपनीला आधी विचारा. इथे पुष्कळ जण फसतात: सगळं चालू होतं आणि तिसऱ्या ग्राहकाला 'व्यस्त' ऐकू येतं.

दरपत्रकात बघायचं ते असं. तुमचा धंदा हंगामी आहे. डिसेंबरला चौदाच्या चौदा लागतील, जुलैत आठ पुरतील. वर्षभराच्या 14 जागांची सक्ती असेल तर क्लाऊडचा निम्मा फायदा तिथेच गेला. महिन्याला जागा कमी-जास्त करता येतात का ते करारात लिहून घ्या. मिनिटाचा हिशेब 30 सेकंदांच्या टप्प्यानं होतो की 60 च्या, ते विचारा. छोट्या फोनांमध्ये हा फरक मोठा पडतो. 18 टक्के जीएसटी धरूनच तुलना करा. "99.9 टक्के चालू" या आश्वासनाचा अर्थ महिन्याला 43 मिनिटं बंद राहिलं तरी त्यांनी शब्द पाळला असा होतो. ती 43 मिनिटं 31 डिसेंबरच्या संध्याकाळी आली तर फोन आपोआप कुठे वळतील, हे आजच ठरवा. निदान तीन मोबाइल नंबर तिथे घातलेले हवेत. ॲस्टेरिस्कसारखं टेलिफोन एक्स्चेंजचं मोफत सॉफ्टवेअर स्वतः उभारावं का, असं तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. मी ते वर्षानुवर्षं चालवलंय आणि ते उत्तम आहे. पण रात्री दोन वाजता उठून बघणारा माणूस पगारावर नसेल तर 14 जणांसाठी त्या वाटेला जाऊ नका.

माणसांबद्दल एक सांगतो, मग तारखांकडे येतो. ऑफिसात नवी मुलगी अडली की शेजारची हळूच उत्तर सांगते. घरी ती एकटी असते. सुपरवायझरला चालू फोनमध्ये फक्त एजंटला ऐकू जाईल असं बोलता येण्याची सोय असते, ती घ्याच, आणि ती चुका पकडण्यासाठी वापरू नका, आधारासाठी वापरा. इंटरनेटचं आणि विजेचं पैशांत काही द्या. महिन्यातून एकदा सगळ्यांना फोंड्यासारख्या मधल्या ठिकाणी भेटवा. सत्तरीतल्या ज्या मुलीबद्दल वर लिहिलं, तिला पणजीची नोकरी संध्याकाळच्या शेवटच्या बसपायी सोडावी लागली होती. घरून ती पाच वर्षं टिकली आहे आणि आज आमच्या नव्या मुलांना तीच शिकवते. असं कोणीतरी तुमच्याकडेही असेल.

तारखा अशा लावा. आत्ता जुलै आहे, म्हणजे मोजायला याहून चांगला काळ नाही. दोन आठवडे प्रत्येक घरून, कंपनीच्या आवाजाच्या सर्व्हरपर्यंतचा वेळ, मागेपुढे होणारे तुकडे आणि हरवणारे तुकडे सकाळी, दुपारी, रात्री नोंदवा. उन्हाळ्यात मोजलेले आकडे सगळे छान येतात आणि काही सांगत नाहीत. ऑगस्टमध्ये दोन्ही ऑफिसं तशीच ठेवून चार जणांना घरून बसवा, रांग मात्र सगळ्यांची एकच करा. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईल. पाच दिवस निम्मी माणसं आपल्या मूळ घरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, तयारीत, रस्ते भरलेले, पाऊस चालू, आणि हॉटेलवाल्यांचे फोन तर थांबत नाहीत. त्या आठवड्यात, गावच्या घरातून दोन-दोन तास वाटून घेऊन रांग चालली, तर सप्टेंबरअखेर मालकाला नोटीस द्या. नाही चालली तर करार तीन महिन्यांनी वाढवून मागा आणि कुठे अडलं ते शोधा. तोवर म्हापशाची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.